स्टेशन होईल तेव्हा होईल, जिन्याचं बघूया

आई, बाबा,

बाबांनी पाठवलेला ब्रोकरचा तो फोटो बघितला. ठाणे-मुलुंडच्या मध्ये होणाऱ्या नवीन ठाणे स्टेशनच्या चित्रात झाडं काय, कारंजं काय आणि प्लॅटफॉर्मवर मोजून चार माणसं, ठाण्यात कुठल्या प्लॅटफॉर्मवर चारच माणसं असतात ते त्यालाच विचारा! असो. बाबांचं म्हणणं की स्टेशन झालं की आपल्या वागळे इस्टेटमधल्या घरांचे भाव कुठच्या कुठे जातील, तोपर्यंत घरातून हलायचं नाही. फोनवर या विषयावरून आपली भांडणंच होतात म्हणून लिहितेय.

स्टेशन हवंच, त्यात वाद नाही. १८५३ ला बोरीबंदरहून देशातली पहिली पॅसेंजर गाडी ठाण्याला आली, नंतर शहर पार घोडबंदरपर्यंत पसरलं तरी ठाणे-मुलुंडच्या मध्ये थांबा काही आला नाही. वागळे काय नि घोडबंदर काय, सगळे ठाणे स्टेशनबाहेरच्या त्या एकाच सॅटिस पुलावर येऊन आदळतात. नवीन स्टेशन ठरलंय त्या मनोरुग्णालयाच्या जागेवर गाडी थांबायला लागली तर आपल्या बाजूच्या लोकांचा जीव भांड्यात पडेल.

पण बाबा, तारीख धरून बसू नका हो. जागा मुळात आरोग्य खात्याची, त्यावर हायकोर्टाची स्थगिती होती ती २०२३ ला उठली, रूळ रेल्वेचे, बाहेरचे रस्ते आणि डेक स्मार्ट सिटीचे, म्हणजे एकाची फाइल हलली की दुसऱ्याची अडकणार. ठाणे-वाशी लाइनवरचं दिघ्याचं स्टेशन बांधून तयार होतं तरी उद्घाटनासाठी बंद ठेवलेलं, शेवटी जानेवारी २०२४ ला उघडलं. आणि जोगेश्वरी-गोरेगावमधलं राम मंदिर स्टेशन २०१६ पासून चालू आहे पण फास्ट गाडी तिथे थांबत नाही, त्यामुळे ब्रोकर 'सीएसटी फास्ट' म्हणाला तर मान हलवून सोडून द्या.

माझा मुद्दा जिन्याचा आहे. गेल्या वेळी आई दुसऱ्या मजल्यावर थांबली, भाजीची पिशवी मीटरच्या पेटीवर ठेवली आणि शेजारच्या काकूंशी उगाच गप्पा मारत बसली. दम लागलाय हे सांगायचं नव्हतं तिला, मला कळत नाही का? तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बाबांचा गुडघा काही रेल्वेच्या टेंडरसाठी थांबणार नाहीये.

घर विकू नका, मी विका म्हणतच नाहीये. ते भाड्याने देऊया आणि तुम्ही तिथेच जवळपास लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहा, वरचा फरक मी भरेन. घर आपलंच राहील, भाव वाढला तर तोही आपलाच, आईची भिशी आणि बाबांचा कट्टा सुटायचा प्रश्नच नाही. एवढं साधं आहे खरं तर.

आणि बाबा, नगरसेवकाकडे जाताच आहात तर स्टेशन कधी हे विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. वागळेच्या बाजूला गेट कुठे येणार, लिफ्ट आणि सरकते जिने पहिल्या दिवसापासून असणार का, रिक्षा नि टीएमटीची बस कुठे उभी राहणार, हे विचारा. ते आत्ता नकाशात नसेल तर नंतर कोणी घालत नाही.

रविवारी येतेय, दोन फ्लॅट बघायचं ठरवलंय. आई, बाबांना तयार करायचं काम तुझं. आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट शोधून ठेवा, मागच्या वेळी सगळं कपाट उपसावं लागलं होतं.

तुमची,
ताई