वादळ सांगून येतं, साहेब. पंचनामा येत नाही

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

परवा रात्रीच्या वाऱ्यात आमच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मोडल्या, खांब आडवा झाला आणि तारा अंगणात लोळल्या. गेल्या उन्हाळ्यात आपण गावात येऊन, नारळ फोडून, या तारा जमिनीखाली नेण्याचा शब्द दिला होतात. नारळही आमच्याच वाडीतला होता.

3 जून 2020 ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ चक्रीवादळ चढलं. ताशी 110-120 किलोमीटरचा वारा. आजोबांच्या हातची वाडी दुपारभरात झोपली. सरकारने हेक्टरी 50,000 जाहीर केले, पेपरात आकडा केवढा शोभला! आमची वाडी दहा गुंठ्यांची. म्हणजे पाच हजार. सातबारा सामाईक, त्यामुळे आधी मुंबईच्या चुलत्यांची संमतिपत्रं. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात निघाली नाही. पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते. पुन्हा लावलेल्या झाडांनी यंदा पहिली पोय, म्हणजे फुलोरा, टाकली होती. तीच परवा गेली.

अरबी समुद्रातली वादळं कधी येतात हे आमच्याकडे शाळेतलं पोर सांगेल. मे ते जूनचा पहिला पंधरवडा, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. मध्ये भर पावसाळ्यात वरचे जोरदार वारे त्यांना उभंच राहू देत नाहीत. ‘फयान’ नोव्हेंबर 2009, ‘तौक्ते’ मे 2021. 2019 साली तर या समुद्रात पाच झाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे शास्त्रज्ञ सांगतात, दोन-तीन दशकांत प्रमाण 52 टक्क्यांनी वाढलं. वेधशाळा आता चार दिवस आधी सावध करते. आणि आमच्याकडे तारांवरच्या फांद्या तोडायचं टेंडर जून उजाडल्यावर निघतं!

अर्थात, ज्यांना 2011 पासून एक मुंबई-गोवा महामार्ग पुरा करता येत नाही, त्यांच्याकडे तारांचं काय मागायचं? कोकणचा कॅलिफोर्निया करणारे किती आले नि गेले, पक्ष कुठलाही असो. मतं मोजताना आम्ही माणसं, भरपाई मोजताना गुंठे.

मागणं एवढंच: ऑक्टोबरच्या आत तारा जमिनीखाली न्या, आणि भरपाई झाडाच्या वयावर, वाडी प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या खात्यात द्या. पंचनाम्याला अजून कोणी फिरकलेलं नाही. फोन केला, तर पंचनामा करणारे साहेब मतदार यादीच्या कामात आहेत म्हणे.

आपला,
एक बागायतदार, तालुका श्रीवर्धन