काल्पनिक बंदरात खरे चौल दिसू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतली काल्पनिक बंदरनगरीची कथा आवडली. पण त्या नगरीचा इतिहास राजा, स्वारी, तट एवढ्यातच संपतो, हे खटकले. बंदर उभे राहते ते व्यापाऱ्यांवर. आमच्या चौलचेच पाहा. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुला'च्या, म्हणजे चौलच्या, दात्यांची नावे आहेत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथले लोक लेण्यांना दान देण्याइतके सधन होते. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला, पंधराव्या शतकात रशियन निकितिन विकायचा घोडा घेऊन इथेच उतरला. १५०८मध्ये चौलच्या बंदरात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लढाईत पडला. १५७०-७१चा निजामशाही वेढा पोर्तुगीजांनी परतवला, पण १७४०मध्ये त्यांना चौललगतचा रेवदंड्याचा किल्ला मराठ्यांच्या हवाली करावा लागला.

आज कुंडलिका नदीच्या मुखाशी येणारे पर्यटक तटावर फोटो काढतात आणि किनाऱ्याकडे वळतात. वर्गात मी हा इतिहास शिकवायचे तेव्हा वाड्यांतून चालत शाळेत येणाऱ्या मुलांनाही तो परक्या गावचा वाटे, याचे मला फार वाईट वाटायचे.

आपल्या लेखकाने पुढच्या भागात घोड्यांचे सौदे, दुभाषे, जकात, गोदीतले सुतार जरूर आणावेत. आणि कथेशेजारी चौलवर एक चौकट छापावी, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
रेवदंडा (जि. रायगड)