जागेला नकार कळवला

तीर्थरूप आई-बाबांस शि. सा. नमस्कार,

नाशिकच्या कॉलेजातल्या शिकवायच्या जागेला मी नकार कळवलाय. फोनवर बोलले असते तर आई, तू गप्प झाली असतीस आणि बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला असता, म्हणून पत्र. गंगापूर रोडला, घराजवळ, मला सगळं कळतं. पण जागा तासिका तत्त्वावरची, दरवर्षी पुन्हा मुलाखत. आणि इथलं काम अर्धवट टाकून आले तर दुसरं कोणी ते उचलणार नाही.

बाबा, शेजारी 'मुलगी कोळी पकडते' असं सांगता ना, तर ऐका. इथे केरळात, वायनाडच्या रानात पालापाचोळा चाळताना हा कोळी मिळाला. खसखशीच्या दाण्याएवढा, पण पिल्लू नाही, पूर्ण वाढलेला नर. कोलंबियातल्या पाटू दिगुआ ह्या कोळ्याचा नर तर 0.37 मिलिमीटरचा! नवी जात म्हणायला नुसता आकार-रंग चालत नाही. नराच्या तोंडाशी दोन आखूड अवयव असतात, पॅल्प म्हणतात. प्रत्येक जातीत त्यांची घडण वेगळी. डावा पॅल्प अल्कोहोलमध्ये सुईनं हळूहळू वळवत सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं चित्र काढायचं. आमच्या कोळ्याच्या पॅल्पच्या टोकाला एक काटा आहे, मागे वळलेला. आतापर्यंत ताडून पाहिलेल्या कुठल्याच जातीत तो नाही.

अडलंय ते मादीपाशी. एकट्या नरावरही वर्णन छापता येतं, नियमात बसतं. पण उद्या कोणाला मादी मिळाली तर ती ह्याचीच हे कसं ओळखणार? मग ती वेगळी जात म्हणून छापली जाते आणि एकाच कोळ्याला दोन नावं पडतात. असं पुष्कळदा झालंय. म्हणून मादी शोधायला आणखी एक पावसाळा इथे. मग नमुना संग्रहालयात जमा केला की मी मोकळी.

आणि बाबा, ह्या कोळ्याला आपलं आडनाव नाही हं द्यायचं. स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत, तसा रिवाज आहे. 2021 मध्ये ठाणे-कल्याणच्या कोळ्याला 'आयसियस तुकारामी' म्हटलं, ते तुकाराम ओंबळेंसाठी. तेवढं मोठं आपण काय केलंय? हा वायनाडचा, नावही इथलंच शोभेल. तुमचा हिरमोड झाला असेल, पण आभारात तुम्ही दोघं पहिले.

2024 च्या दरडीपासून तुम्ही रोज इथल्या बातम्या लावता. आमचं गाव त्या उतारापासून लांब आहे, आणि पावसानं जोर धरला की आम्ही रानात जातच नाही. खोलीत गरम पाणी आहे, गादी बरी आहे. जेवणात भातच भात, पण तुझं मेतकूट आहे ना! आई, माळ्यावर झाडू फिरवायच्या आधी तू मला हाक मारायचीस, 'ये गं, तुझे पाहुणे उचलून ने.' इथे चाळणी हातात घेतली की तेच ऐकू येतं.

आता सांगते ते दोघांनी ऐकायचं. बीपीची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे फिरकायचं नाही, घरी बादलीत गोदावरी म्हणा. आई, गुडघ्यांना तेल चोळून भागणार नाही, डॉक्टरांकडे जा, आणि रिक्षानं. बाबांची स्कूटर नको, इगतपुरीचं आठवतंय ना? रिपोर्टचे फोटो ताईकडून पाठवा, सगळ्या पानांचे. मागच्या वेळी शुगरचं पान तेवढं नेमकं राहिलं होतं.

तुमची,
मनी