झटके कॉइलचे, बिल क्लचचे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय : आपल्या जळगाव येथील अधिकृत सर्व्हिस सेंटरने दोष न शोधता क्लच सेट व फ्युएल पंप बदलल्याबद्दल तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची २०१३ सालची पेट्रोल गाडी मी वापरतो. घेतल्यापासून तिचे सर्व्हिसिंग आपल्याच अधिकृत केंद्रात होत आले आहे. यंदा उन्हाळ्यात गाडी झटके खाऊ लागली. झटके केव्हा येतात आणि केव्हा येत नाहीत, हे मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला पहिल्याच भेटीत नीट सांगितले होते. गाडी उभी असताना इंजिन शांत चालते. सपाट रस्त्यावर एकट्याने सावकाश चालवली तर काही जाणवत नाही. पण चौघे बसले, एसी लावला आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागून कोणी ओढून धरल्यासारखी अडखळते. मी चाळीसगावला राहतो. आईला उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यायचे तर कन्नडचा घाट चढावाच लागतो. वळणावर मागे एसटी लागलेली आणि गाडी पिकअप घेत नाही, अशा वेळी शेजारी बसलेल्या आईचा चेहरा बघवत नाही.

मी सांगितलेले यातले काहीही जॉब कार्डवर उतरले नाही. तिथे 'जर्किंग' एवढा एकच शब्द आणि पुढे 'क्लच चेक'. चेक कसला, थेट नवा सेट बसवला. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज आणि आरपीएम चढतात, वेग मात्र वाढत नाही. क्लच थरथरत असेल तर ते गाडी जागची हलताना कळते. इथे चौथ्या गिअरला, क्लचवर पाय नसताना, आरपीएमचा काटाच चढता चढता अडखळत होता. हे लक्षण इंजिनाच्या मिसिंगचे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचे, आहे आणि ते आपल्या मेकॅनिकला माहीत नसेल असे मला वाटत नाही. फक्त शेजारी बसून बघायला कोणी आले नाही. ट्रायल घेतली ती महामार्गाच्या सपाट पट्ट्यावर, रिकाम्या गाडीत, एसी बंद ठेवून. ज्या स्थितीत दोष दिसतच नाही, नेमक्या त्याच स्थितीत गाडी 'ओके' ठरवली.

झटके तसेच राहिले म्हणून पुन्हा गाडी नेली, तर फ्युएल पंप बदलला. पेट्रोल कमी पोचले तरी झटके येतात, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी लाइनला गेज लावून दाब मोजता येतो. तसा मोजल्याची नोंद कुठेही नाही.

मला सर्वांत जास्त खटकले ते पुढचे. दोन्ही बिलांत स्कॅनिंगचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड वाचण्याचा, चार्ज आहे. कोणता कोड आला होता, असे विचारल्यावर 'सगळे कोड क्लिअर केलेत' एवढेच उत्तर मिळाले. कोड पुसला की त्याच्याबरोबर जतन झालेली माहितीही जाते : दोष आला तेव्हा आरपीएम किती, इंजिनावर भार किती, तापमान किती. दोष शोधायचा तो याच माहितीवरून. ती वाचायचे पैसे माझ्याकडून घेतले आणि न सांगता ती पुसून टाकली.

शेवटी चाळीसगावातल्याच एका लहान गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्या मेकॅनिकने घरच्यांना गाडीत बसवून एसी लावायला सांगितला, स्कॅनर जोडला आणि घाटाच्या चढाला गाडी नेली. कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तेच मिसिंग. मग त्याने दोन आणि तीन नंबरच्या इग्निशन कॉइलची, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाची, अदलाबदल केली, बाकी कशालाही हात लावला नाही. त्याच चढावर पुन्हा गेलो तर कोड आला पी०३०३. कॉइल गेली तिकडे दोष गेला. कोड दोनवरच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन पाहावे लागले असते. तो म्हणाला, "दादा, क्लचमा काहीच नई, खराबी कॉइलमा शे." कॉइल काढून दाखवली तेव्हा तिच्या प्लगवर बसणाऱ्या रबरी बुटावर केसाएवढी चीर होती आणि चिरेच्या कडेने काळी रेघ उमटली होती. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि ते प्लगपर्यंत न जाता त्या चिरेतून निसटते. म्हणून दोष चढावर दिसायचा आणि सपाटीवर नाही. नवी कॉइल बसवल्यापासून गाडी घाट सरळ चढते.

'गाडी जुनी झाली, आता काढून टाका,' असा सल्लाही आपल्या केंद्रात मिळाला. गाडी जुनी आहे, हे निदान नव्हे. आमच्या खानदेशात कापूस विकला गेल्यावर घरातले मोठे खर्च निघतात. मध्येच असली बिले आली तर काय ओढाताण होते, ते कंपनीने समजून घ्यावे.

क्लच सेट, फ्युएल पंप, दोन्हींची मजुरी आणि दोन्ही वेळचा स्कॅनिंग चार्ज मला परत मिळावा. काढलेले जुने पार्ट मागूनही दिले नाहीत, ते द्यावेत. मिसफायर चालू असताना न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो. खरा दोष इतके दिवस तसाच राहिला तो आपल्या केंद्रामुळे. म्हणून कन्व्हर्टरची तपासणी विनामूल्य व्हावी. आणि यापुढे स्कॅनिंगचे पैसे घेतल्यावर कोडची छापील प्रत, पुसण्याआधीची, प्रत्येक ग्राहकाला जॉब कार्डासोबत मिळावी, असा लेखी आदेश केंद्राला द्यावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. दोन्ही जॉब कार्डे, बिले, गॅरेजमधील स्कॅनरच्या पडद्याचे फोटो आणि चीर गेलेल्या कॉइलचा फोटो सोबत जोडले आहेत. कॉइल माझ्याकडे जपून ठेवली आहे, आपला माणूस पाठवल्यास दाखवीन.

आपला ग्राहक,
चाळीसगाव, जि. जळगाव
(नाव, वाहन क्रमांक व मोबाइल क्रमांक सोबतच्या जॉब कार्डावर)