पिल्लू नको, मोठा कुत्रा हवा

महोदय,

आमचा गुंड्या पार्व्होने गेला, म्हणजे पिलांना होणाऱ्या एका विषाणूच्या आजाराने. पार्किंगमध्ये सापडलेलं गावठी पिल्लू. लशीचा पहिला डोस झाला होता, पुढचे व्हायचे होते. रक्ताची हगवण, उलट्या, सलाइन. त्याबद्दल आणखी लिहवत नाही.

तो गेल्याचं कळताच सोसायटीच्या ग्रुपवर पिलांचे फोटो यायला लागले. ‘काकू, लगेच दुसरं आणा, घर खायला उठतं नाहीतर.’ मुलगा तर येऊरच्या पायथ्याशी कुणाकडे पिल्लं झालीत म्हणून बघूनही आला. सगळ्यांचा हेतू चांगला, पण हा विषाणू गेलेल्या पिलाबरोबर जात नाही. सावलीतल्या ओल्या मातीत तो महिनोन्महिने तग धरतो, आणि आमच्या इमारतीमागच्या बागेत दुपारीसुद्धा ऊन पोचत नाही. फिनाइलवर भरवसा ठेवता येत नाही. घाण आधी धुऊन काढली, मग एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी घालून त्यानं फरशी दहा मिनिटं ओली ठेवली. वाटी, पट्टा, गोधडी टाकून दिली. बागेचं काय करणार?

पिलांना लस दीड-दोन महिन्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्यानं देतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लशीला आडवी येते आणि ती कधी ओसरेल ते पिलागणिक वेगळं. मधल्या काळात आमच्या घरात पिल्लू आणणं म्हणजे जुगार.

म्हणून आम्हाला दोन-तीन वर्षांचा, लसीकरण पूर्ण झालेला, नसबंदी केलेला कुत्रा हवा आहे. ‘मोठं जनावर लळा लावत नाही,’ असं सासूबाईंचं म्हणणं. (त्या स्वतः पंचविसाव्या वर्षी या घरात आल्या आणि सगळ्यांना लळा लावून बसल्या, पण हे त्यांना कोण सांगणार!) निवाऱ्यांत मोठे कुत्रे मागे राहतात, कारण येणारा प्रत्येक जण टोपलीतल्या पिलांपाशीच थांबतो. ठाण्यात दत्तक शिबिरं भरवणाऱ्यांनी मोठ्यांना पुढे बसवावं, लशीचं कार्ड सोबत ठेवावं. आणि पिल्लू देताना, घरातला आधीचा कुत्रा कशानं गेला, कधी गेला, हे आवर्जून विचारावं. माझ्या मुलाला येऊरला एवढंच विचारलं, ‘नर हवा की मादी?’

– एक गृहिणी, वर्तकनगर, ठाणे