पासवर्ड गेला, पण मागचे दार?

महोदय,

पासवर्डविना, म्हणजे ‘पासकी’ने, ओळख पटवण्याच्या पद्धतीमागे ठोस मानके आहेत, हे सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पुरेसे पोहोचलेले दिसत नाही. फिडो अलायन्स हा उद्योगसमूह २०१३ पासून त्यासाठी उघडपणे काम करत आहे आणि मार्च २०१९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘वेबऑथन’ला, म्हणजे ब्राउझरमधून अशी ओळख पटवण्याच्या नियमावलीला, अधिकृत मानकाचा दर्जा दिला. या पद्धतीत खासगी किल्ली (एक गुप्त डिजिटल संकेत) वापरकर्त्याकडेच राहते आणि संकेतस्थळाकडे केवळ तिची सार्वजनिक जोडकिल्ली असते. त्यामुळे तिथल्या माहितीवर डल्ला पडला, तरी त्या किल्लीने चोराला खाते उघडता येत नाही. शिवाय खासगी किल्ली मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असल्याने हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती चालतच नाही. एसएमएसने आलेला ओटीपी मात्र आपणच भाबडेपणाने तिथे टाइप करून मोकळे होतो. पासकी वापरताना दिलेला बोटाचा ठसा संकेतस्थळाकडे जातो, ही भीतीही अनाठायी आहे. तो उपकरणातच तपासला जातो.

माझा आक्षेप वेगळा आहे. पासकी सुरू केल्यावरही अनेक सेवा जुना पासवर्ड चालूच ठेवतात, म्हणजे पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मागचे दार सताड उघडे. फोन हरवल्यावर खाते परत मिळवण्याची वाटही बहुधा ईमेल किंवा एसएमएसवरूनच जाते. पासवर्ड कायमचा काढून टाकण्याचा पर्याय सेवांनी द्यावा आणि एका कंपनीच्या व्यवस्थेतून दुसरीकडे पासकी सुरक्षितपणे नेण्यासाठी फिडोने २०२४ मध्ये मांडलेला मसुदा कंपन्यांनी रेंगाळत न ठेवता अमलात आणावा.

– एक वाचक