फिटर की टर्नर?

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

आयटीआयच्या फॉर्मवर आधी फिटर टाकू की टर्नर, असं विचारलंस. तुझा स्वभाव पाहता टर्नर (लेथवर जॉब फिरवून कापणारा), नाहीतर मशिनिस्ट (मिलिंगसारख्या मशीनवर कापणारा). तिन्ही ट्रेड दोन वर्षांचेच. पण फिटर बरेचदा मेंटेनन्सला लागतो आणि तिथे रोज नवं दुखणं: आज पंप गळतो, उद्या बेअरिंग ओरडतं. पुरणाची डाळसुद्धा मापाने घेणाऱ्या मुलीचा तिथे जीव रमणार नाही. टर्नर-मशिनिस्टच्या सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, सगळं ठरल्या क्रमाने चालतं.

एक नमुना बघ. 25 स्मॉल एच 6 चा शाफ्ट (25 मिमी व्यासाचा गोल दांडा; 'एच 6' हा मापात किती फरक चालतो त्याचा कोड) म्हणजे 25.000 ते 24.987 मिमी. मोकळीक, म्हणजे चालणारा फरक, 13 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), म्हणून 0.01 चा मायक्रोमीटर इथे कामाचा नाही, 0.001 वाचणारा लागतो. आधी शून्य तपासायचं, जॉबवरचा (कापलेल्या तुकड्यावरचा) बर, म्हणजे कडेची कुस, काढायचा, कूलंट (कापताना सोडलेलं थंड पाणी-तेल) पुसायचं, मग रॅचेटनेच, म्हणजे मायक्रोमीटरच्या टोकाच्या घसरत्या मुठीनेच, आवळायचं. थिंबल, म्हणजे आकड्यांची फिरती नळी, धरून पिळलंस तर माप कमीच येणार. जॉब गरम असेल तर थांब. मापं 20 अंश सेल्सिअसला धरलेली असतात. त्याहून 20 अंश तापलेला हा शाफ्ट जवळपास 6 मायक्रॉन फुगतो, म्हणजे निम्मी मोकळीक तिथेच गेली.

समज, माप आलं 25.010. मध्यावर, 24.994 ला आणायचं तर फॅनुकच्या (सीएनसीचा कंट्रोलर) वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे धारेच्या झिजेपुरतं माप सुधारायच्या खान्यात, मायनस 0.016 टाकून 'प्लस इनपुट' दाबायचं. नुसतं 'इनपुट' दाबलंस तर जुना आकडा पुसला जातो. तिथे आधीच मायनस 0.030 असेल, तर बारीक व्हायच्या ऐवजी पुढचा शाफ्ट 25.024 होतो. हा निदान परत कापता येतो. खरं नुकसान इन्सर्ट, म्हणजे कापणारी सुटी धार, बदलताना होतं: झिजलेल्या धारेसाठी साठत गेलेला मायनस 0.046 तसाच राहिला, की नव्या धारेचा पहिलाच शाफ्ट बारीक, थेट भंगारात. म्हणून इन्सर्ट बदलला की वेअर शून्य, पहिला जॉब तपासून सही, मगच पुढचा. टार्गेट मागे पडलं की हीच सही टाळली जाते, सुपरवायझरही डोळेझाक करतो. तिथे हट्टाने अडून बस.

काम कंटाळवाणं आहे, हे लपवत नाही. सेटिंग शिकलीस की क्वालिटीत, सीएमएमवर (तिन्ही दिशांनी माप घेणाऱ्या मशीनवर) जाता येतं.

कपाटातला मायक्रोमीटर 0.01 चा आहे, सरावाला पुरे. ड्रिलची एकच दांडी एकाच जागी दहा वेळा मोज आणि दहाही आकडे लिहून पाठव.

तुझा,
बाबा